जाम झालेली रिकीब

३ फेब्रुवारी
आधी सगळ्यांची खुशाली. कोकिळेचा गुडघा — तसाच. सुनेचा, रूपाचा खोकला — गेला. माझे कान — विचारूच नको!

कोकिळा स्वयंपाकघरातून ओरडली, "बठ्ठा गावले आयकू येस, तुमलेच नही!" चाळीस वर्षांचा संसार. बिचारीचा घसा बसतो माझ्यापायी.

६ फेब्रुवारी
धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी लोखंडी चिमटा ठोकून कानासमोर धरला — काही नाही. कानामागच्या हाडावर टेकवला — घूंऽऽ! अरे, हे तर माझंच काम! पंपाची मोटार तपासताना पेचकसाचं टोक मोटारीला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला. बेअरिंग गेलं असेल तर लगेच कळतं. म्हणून तर दुकानात माझा बहिरेपणा कुणाला कळला नाही. मलाही!

मग चित्र काढून दाखवलं. कानाचा पडदा हलला की आतलं हातोडी नावाचं हाड हलतं, हातोडी ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला. रिकीब खोगिराच्या रिकिबीसारखीच — पण तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी! ती आतल्या पाण्याला धक्का देते. माझी तिथेच जाम. म्हटलं, "म्हणजे मोटार ठीक, कपलिंग जाम." डॉक्टर हसले. "ती काढून बारीक पिस्टन बसवू, आबा. पण शंभरात एखाद्याचा तो कान पुरता जातो."

कोकिळा शेजारीच होती. तरी बसमध्ये तिने तीनदा विचारलं, काय म्हणाले? शेवटी मी ओरडून सांगितलं. अख्खी बस हसली.

११ फेब्रुवारी
थकलो. नकोच ते. आहे तेवढंही गेलं तर?

१२ फेब्रुवारी
रूपा म्हणते, "करून टाका आबा. आईंनी किती ओरडायचं?" खरंय. तिचं ओरडणं पुष्कळ ऐकलं. साधं बोलणं ऐकायचंय एकदा.

२० फेब्रुवारी
झालं ऑपरेशन. चक्कर येते. शिंकायचं तर तोंड उघडून! कोकिळा हात धरून बसलेली.

२८ फेब्रुवारी
कानातला बोळा काढला. पंखा केवढा आवाज करतो! बेअरिंग गेलंय त्याचं.

२ मार्च
कोकिळा पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. हळूच हाक मारली. मग मोठ्याने. वळली नाही.

एवढी वर्षं मी काही विचारायचो, उत्तर ऐकू यायचं नाही. वाटायचं, माझ्याच कानात अडकलं. ती देतच नव्हती!

मी तिसरीतून सुटलेला, ती सातवी पास. वही तिच्यापुढे ठेवतोय. कोकिळे, तुला कधीपासून ऐकू येत नाही? खाली लिही. लवकर लिही.