दाढीवाला सम्राट

११ ऑगस्ट
काल्हेरच्या या फ्लॅटमध्ये भिंतींनाही घाम येतो. मी जमवलेली सगळी रोमन नाणी पाकिटातून काढून पाहिली. बाकीची ठीक. दाढीवाल्या सम्राटाच्या मानेशी फिकट हिरवी भुकटी. नखाने उडवली, खाली खड्डा. ब्राँझचा रोग म्हणतात तो हाच. इतकी शतकं मातीत टिकला आणि माझ्याकडे येऊन...

१२ ऑगस्ट
कारण उघड आहे. आईच्या तळहाताचा घाम. पण ती रोज संध्याकाळी तोच मागते. बाबा गेले हे तिच्या डोक्यात राहत नाही. "यांना उशीर का झाला?" खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. नाणं हातात दिलं की दाढीवरून अंगठा फिरवते; बाबांची अशीच होती. "ह्ये बघ, हायेत की." मग गप्प. सम्राट बिचारा आमच्याकडे बाबांच्या जागी राबतोय.

१४ ऑगस्ट
मानकोलीला गोडाऊनवरून सुटल्यावर ट्रकच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणलं. दाढीवाला वाटीत बुडवला. खार निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं, महिने लागतील. आईला बदली म्हणून बिनदाढीचा एक सम्राट दिला. लगेच परत. "ह्यो कोन पोरगा? आमचा न्हाय." रडली. वैशाली चिडली. "नाणं गेलं तर गेलं, आईंकडे बघा ना." बायकोला काय कळतंय? असा चेहरा मला पुन्हा मिळायचा नाही.

२ ऑक्टो.
आईला सांभाळणारी बाई सोडून गेली. दिवसा वैशालीची नोकरी, म्हणून मी नाइट शिफ्ट मागून घेतली. आईला भरवा, धुवा, बाबा गेल्याचं सांगा. खोटं बोलायला हवं, पण जीभ रेटत नाही. वैशाली म्हणाली, "दाढी तरी करा. पेशंट कोण ते कळेना झालंय."
वाटीतल्याची तब्येत मात्र छान. नवी भुकटी नाही.

१९ ऑक्टो.
दिवाळीची तांब्यापितळेची भांडी घासायला चिंच भिजत घातलेली. मी जरा आडवा झालो. उठलो तर आई मोरीपाशी, वाटी रिकामी, हातात चिंच, मीठ आणि नाणं. "उद्या पयली आंघोळ. यांना न्हाऊ घातलं."
लाल, लखलखीत. दाढी नाही, नाक नाही. एवढ्या जुन्या नाण्याचा चेहरा धातूत उरलेला नसतो, वरच्या काळपट थरातच असतो. तो मोरीतून गेला. मी आईवर ओरडलो. फार ओरडलो.

२० ऑक्टो., पहिली आंघोळ
संध्याकाळी तिला तेच नाणं दिलं. अंगठा फिरवला. उलटं करून पुन्हा फिरवला. "गेले," म्हणाली. रडली नाही. बाबा गेल्यापासून हे ती आपणहून कधी बोलली नव्हती. जेवली नाही.

२३ ऑक्टो.
आई तेव्हापासून पाण्यावर. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. संध्याकाळी वरणभात घेऊन पुढ्यात बसलो. घास परतवून लावला. मग हात पुढे केला, माझ्या गालावर. अंगठा दाढीवरून हळूहळू खाली.
"आलाव तुमी? किती उशीर!"
मी "हो" म्हटलं. अर्धी वाटी खाल्ली तिने. आत जाऊन मी रडलो.

२४ ऑक्टो.
गोडाऊनचे साहेब म्हणाले, मोठे लोक पाहणीला येणार आहेत, हे जंगल काढून या. दुपारी गालांना साबण लावला. रेझर हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मग तोंड धुऊन टाकलं. आई झोपली आहे. संध्याकाळ व्हायची आहे अजून.