मुंगीला क्रेनवर नेलं तेव्हा

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. घटस्फोटाचा निकाल लागला. घर दोघांच्या नावावर आहे. ते विकून पैसे निम्मे निम्मे करायचे. त्याचं एवढं वाटलं नाही. मुंगी तिच्या वडिलांकडे राहील. मला ती दर रविवारी कोर्टाच्या भेटकेंद्रात भेटेल, देखरेखीच्या बाई समोर बसलेल्या असताना. आईने लेकीशी खेळायचं आणि तिसऱ्याने लिहून घ्यायचं.

सहा वर्षांच्या पोरीला मी शिडीने क्रेनच्या केबिनपर्यंत चढवलं, हे कारण. वकीलबाई म्हणतात, तेही निभावलं असतं. पण साक्षीत तुम्ही कोणी न विचारता छाती फुगवून सांगितलंत, की आमच्याकडे या वयात मूल वर जातंच, ताईलाही लहानपणी मीच नेलं होतं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं, ते तुम्ही पाहिलं नाहीत.

सप्टेंबरात फेरविचार आहे. तोवर गुडघ्याला जपा.

तुमची,
ताई


९ जून

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी खोटं काय बोललो? तुझ्या न्यायाधीशबाईंनाच एकदा वर न्यायला हवं. जन्मभर क्रेन चालवली, कुणाच्या डोक्यावर खडा पडू दिला नाही. तू तर माझ्याहून सफाईने चालवतेस. तुझा मुकादम मला म्हणाला, ही काच उचलते तेव्हा खालच्यांना छातीत धडधडत नाही. अशा आईवर पहारा?

घर जाऊ दे, घरं मिळतात. फेरविचाराला मला बोलाव. केबिनच्या दारातला तुझा लहानपणचा फोटो आणतो, हात हलवतानाचा. बघू देत. मुंगीला सांग, आजोबा कुणाला घाबरत नाहीत.

कायम तुझ्या बाजूचा,
बाबा


३० जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोटो आणू नका.

काल केंद्रात मुंगीने ठोकळ्यांचा मनोरा रचला, वर बाहुली ठेवली आणि लगेच काढून घेतली. बाईंनी सहज विचारलं. ती म्हणाली, हिला वर रडू येतं. मग म्हणाली, शिडीवर मलाही येत होतं, पण आई केवढी खूश होती. बाईंनी लिहून घेतलं. घ्यायलाच हवं होतं.

त्या फोटोतला माझा दुसरा हात बघा. तुमची कॉलर मुठीत आवळली आहे. तुम्ही खालच्यांना ओरडून सांगत होतात, ही माझी मुलगी. मग मी कशी रडणार? क्रेन मला आवडली ती पुढे, माझी मी चढले तेव्हा.

फेरविचाराला खरं तेवढंच बोलणार असाल तर या. नाही जमलं तरी माया कमी होणार नाही.

तुमची,
ताई


८ जुलै

चि. ताईस,
आशीर्वाद.

फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. इतकी वर्षं समोरच्या भिंतीवर आहे.

गुडघ्यामुळे प्रवास होणार नाही. व्हिडिओवर साक्ष घेतात का, विचार. शेजारच्या मास्तरीणबाई फोन धरतील, प्रश्न माझ्या कानाशी मोठ्याने सांगतील.

बाबा


२२ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पडद्यावर तुमचं नुसतं कपाळ दिसत होतं. पण आवाज स्वच्छ आला. तुम्ही म्हणालात, लेक आणि नात, दोन्ही पोरी घाबरल्या होत्या, माझ्या कौतुकात मला ते दिसलं नाही. आता नात मोठी होऊन स्वतः म्हणेल तेव्हाच वर जाईल. वकीलबाईंनी मला कानात विचारलं, हे यांना पढवलं कोणी? कोणी नाही, म्हटलं. बाबा, तुम्ही केबिनमध्ये असायचात तेव्हाही मला तुमचा इतका अभिमान वाटला नव्हता.

देखरेख उठली. शनिवार-रविवार मुंगी माझ्याकडे. कामावर नेणार नाही, असं लिहून दिलं. घराच्या पैशांतून दोन खोल्या घेतल्या, तळमजल्यावर. हसा खुशाल.

काल आम्ही भाजी घेऊन येत होतो. रस्त्यापलीकडे क्रेन उभी होती. मी चालतच राहिले. मुंगी थांबली, मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिली, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना म्हणाली, असली क्रेन माझी आई चालवते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

डोक्यावरचा हात राहू द्या.

तुमची,
ताई