शंभरचा बल्ब

बापू, तुम्ही कोनाड्यात साठवून ठेवलेल्या बल्बांपैकी शेवटचा, देव्हाऱ्यावरचा, चार दिवसांपूर्वी गेला. गेला म्हणजे नेहमीसारखा गेला आणि मी तुमच्यासारखाच तो उतरवून कानाशी धरून हलवला. आतली तार तुटली की तुम्ही बल्ब तिरपा करत, डोळे मिटून हळूहळू फिरवत आणि म्हणत, "थांब, अजून जीव हाय." तार तारेला अडकायची आणि चार दिवस बल्ब आधीपेक्षा झगझगीत जळायचा. मला ती कला आली नाही.

अडचण आईची आहे. तिची नजर मंदावली आहे. दिव्याची वात लावायला तिला वरचा उजेड लागतो. दोन संध्याकाळी वात मी लावली, ती बाजूला पाटावर बसून राहिली. लग्न होऊन आल्यापासून हे काम तिचं. तिचा चेहरा मला बघवला नाही.

कळमनुरीला गेलो. शंभरचा द्या म्हटलं तर दुकानदार हसला. "मामा, ते कवाच बंद झालं. आता एलईडी. वार्म देऊ का कूल?" आपल्याकडचं ऊन बघून मी कूल मागितला.

संध्याकाळी बटण दाबलं. सगळा देव्हारा पांढराफटक. आई जवळ जाऊन बघत म्हणाली, "देव दवाखान्यात भरती केल्यावाणी दिसून राहिले रे. अन् हे कुंकू हाय का काथ?" तिनं वात हातात घेतली आणि परत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बल्ब परत घेऊन गेलो. दुकानदारानं खोक्यावर बोट ठेवून समजावलं. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. आकडा लहान तर समईसारखा पिवळा, मोठा तर पांढरा. थंडी-उन्हाचा काही संबंध नाही. उजेड किती, ते ल्युमेन. वीज किती खाणार, ते वॅट. आणि उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचाही एक आकडा असतो. तो चांगला असला की कुंकू कुंकवासारखं दिसतं. मी चौदा वॅटचा वार्म घेतला, ल्युमेन जुन्या शंभरच्या बल्बाएवढेच.

"शंभरच्या जागी चौदा?" आई म्हणाली. "बापू असते तर देवाला असं केलं असतं का?"

मी बैलाचं उदाहरण दिलं. वॅट म्हणजे बैल कडबा किती खातो ते, ल्युमेन म्हणजे तो नांगरतो किती ते. जुना बल्ब खायचा फार, आणि त्यातलं बरंचसं नुसतं गरम व्हायला जायचं. आईनं मला खालीवर न्याहाळलं. "मंग तू शंभरचाच हायस," ती म्हणाली.

तुम्हाला आठवतं का, दिवेलागणीला बल्ब लागला की तुम्ही सगळ्यांना त्याला हात जोडायला लावत. एकदा मी हात न जोडता भाकरी तोडली. तुम्ही ओरडलात, "उजेड काय तुह्या बापाचा हाय?" आणि मग गप्प झालात, कारण बल्ब तुम्हीच आणला होता. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

काल नवा बल्ब लावला. उजेड पिवळा, मऊ, तुमच्या बल्बासारखाच. आईनं आधी कुंकवाची कोयरी उघडून पाहिली. मग पाट ओढला, वात तेलात भिजवली, काडी ओढली आणि पहिल्याच काडीत दिवा लावला. देवाला हात जोडले. मग मान वर करून बल्बालाही जोडले.

"भेटला की मंग शंभरचा," ती म्हणाली. "उगंच चौदा चौदा करून राहिला व्हतास."

मी "व्हय" म्हणालो. देवासमोर खोटं नको म्हणून मनातल्या मनात ल्युमेनचा आकडा घोकला.

हे पत्र कुठं टाकणार, बापू? नव्या बल्बाच्या रिकाम्या खोक्यात तुमचा जुना ठेवला आहे, त्याच्याखाली घडी करून ठेवतो. एक सांगायचं राहिलं. नवा लावण्याआधी, आई पाणी प्यायला उठली तेवढ्यात, मी तोही कानाशी धरून हलवला. त्यात काहीच वाजत नाही. म्हणून तुमचा फेकला नाही.