दोरीवरचा शर्ट

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. रविवारी कॉन्व्हेंटच्या होस्टेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आपण बुटांना पॉलिश करायचो, आठवतं? तू हळूच तुझेही बूट माझ्याकडे सरकवायचीस. म्हणायचीस, "ताई, तुझ्या हाताने चमक छान येते गं." लबाड कुठली!

इकडे सगळं ठीक. सासूबाई अंथरुणालाच आहेत. कूस बदलायला मीच लागते, दुसऱ्या कुणाचा हात लागला की ओरडतात. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी ह्यांची वाट बघावी लागते. शिवणाची गिऱ्हाइकं घरीच येतात, तेवढीच माणसं दिसतात.

लेक सुट्टीला तुझ्याकडे आली आणि आता तिथल्याच शाळेत जाईन म्हणते. तू फोनवर विचारलंस, "भांडलात का गं?" मी नाही म्हटलं. भांडण नव्हतंच.

वाढदिवसाला तिला ड्रेस शिवायचा होता. माप द्यायला उभीच राहीना. "आई, नंतर," की दार बंद. शेवटी दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या शाळेच्या शर्टावरून माप घेतलं. ड्रेस खांद्यातच अडकला. माप कुठून घेतलं ते सांगितलं, तर म्हणाली,

"अगं, तो शर्ट माझा नाहीच! मैत्रिणीचा आहे. मला दाटतो, तरी आम्ही कधीपासून बदलून घालतो."

"मला सांगायचं नाही?"

"तूच धुतेस, तूच इस्त्री करतेस. तुला दिसलं नाही?"

हसतच म्हणाली गं. मीही हसले. मग ड्रेस काढता काढता म्हणाली, "मला नाही तुझ्यासारखं या खोलीत संपून जायचं." तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. मी गेले. परत आले तर बॅग भरून तयार.

तू म्हणतेस, "येऊन घेऊन जा, तुझं ऐकेल." कशी येऊ? आणि खरं सांगू? येता आलं असतं तरी तिला आणणार कुठे होते? याच खोलीत. राहू दे तिला. ह्यांना मी सांगते.

शेजारीणबाईंबरोबर पिशवी पाठवतेय. विणलेली शाल तुला. खोक्यातल्या चपला तुझ्या नवऱ्याला, घट्ट झाल्या तर परत पाठव. पुस्तकं आणि निळं कापड लेकीला. तो ड्रेस त्या मैत्रिणीला देऊन टाकला, तिला अगदी मापात बसला. निळं कापड तिथल्याच कुणाकडून शिवून घे. तिला माप द्यायला मात्र तू उभी कर, आणि ते माप मला कळव.

शिवायला नाही. नुसतंच.

तुझी,
ताई