पाणी उपसायचा डबा हर्षदला

हे लिहायचं मी दिवाळीपासून टाळतोय. आधी शीड शिवायचं होतं, मग रंग होता, मग मध्येच लोणावळ्याला एका मित्राच्या तंबूंच्या कामावर गेलो आणि तिथेच रमलो. पण आज अमावास्येची मोठी भरती आहे आणि नानांनी होडीच्या साखळीला कुलूप घातलंय. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे गाववाले, मालवणचे. भांडुपच्या मिठागराकडची शेड राखतात, होडी त्याच शेडमागे असते. त्यांचं एकच म्हणणं. "आधी कागद कर, मगे साखळी सोडतंय. तू बुडलस तर पोलीस माका इचारतले." म्हणून लिहितो.

मी, सौरभ भाऊराव धुरी, वय सत्तावीस, राहणार नाहूर पश्चिम, शिक्षण बारावी (इंग्रजी सोडून), धंदा ठरलेला नाही, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. माझी आई मालन हिला हे मान्य नाही, पण तिची सही लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, साखळीचा सोडून. मी आज या होडीतून एकटा, किनाऱ्याकिनाऱ्याने, मालवणला निघालोय. पोचलो तर हा कागद फाडावा. नाही पोचलो तर वाटणी पुढे लिहिल्याप्रमाणे करावी.

कलम १. घर आईच्या नावावर आहे, त्यामुळे ते द्यायचा प्रश्न नाही. मात्र शीड वर ओढायच्या कप्प्या आमच्या घरात छताला कपडे वाळत घालायची जी दांडी होती, तिच्या आहेत. मी त्या काढल्यापासून आई साड्या खुर्च्यांवर वाळत घालते आणि पाहुण्यांना सांगते, "बसा ना, ओलं आहे जरा." कप्प्या सापडल्या तर तिच्या तिला द्याव्यात. एक नंबर चालतात, हेही सांगावं.

कलम २. शीड अनिरुद्धकाकांना परत. ते त्यांचंच आहे. नाहूर स्टेशनबाहेर त्यांनी स्वतःच्या वाढदिवसाचा स्वतःच लावलेला फ्लेक्स मी उतरवला आणि स्टेशनजवळच्या मोच्याकडून त्याच्या कडा दुमडून शिवून घेतल्या. मोच्याने विचारलं, "तोंड वर ठेवू की खाली?" मी खाली म्हटलं. बाबा गेल्यावर या काकांनी गावच्या घराची किल्ली "सांभाळायला" नेली आणि तिथे स्वतःचं कुलूप लावलं, म्हणून खाली. मी मालवणला चाललोय ते त्या कुलपासमोर उभं राहायला, हे त्यांना कोणीतरी सांगा. शिडावर पक्ष्यांनी जे केलंय ते धुऊ नये, तसंच द्यावं.

कलम ३. हर्षद.

याला मी भाऊ मानायचो. मुलुंडला त्याचं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं दुकान आहे. एका क्लबने भंगारात काढलेली ही फायबरची होडी आम्ही दोघांनी टेम्पोतून आणली. डोलकाठी मी बनवली, स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडच्या ॲल्युमिनियमच्या पाइपची. तळ त्याने केला. मी म्हणत होतो फायबर लावू, तर हा म्हणाला, "अरे यार, पाऊस अख्खे चार महिने गच्चीवर उभा असतो, तिथे टिकतं ते इथे नाही टिकणार?" आणि गच्चीचं केमिकल तळाला फासलं. गच्चीवर पाणी वरून येतं आणि निघून जातं. होडी पाण्यात बसलेली असते. गेल्या होळीच्या सुमारास आम्ही दोघं होडी घेऊन निघालो आणि खाडीच्या मधोमध तो सगळा थर दुधावरच्या सायीसारखा सुटला.

एक मासेमारीची होडी जवळून गेली. हर्षद तिच्यात उडी मारून चढला. म्हणाला, "दोरी घेऊन आलोच." आला नाही. ओहोटी लागली, मी चिखलात अडकलो आणि पुढची भरती येईपर्यंत फ्लेमिंगो माझ्याकडे बघत उभे होते. त्यांनी तरी सोबत केली. दुसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर हा सांगत होता, "सौरभने सुकाणू उलटं बसवलं रे, माझं काम पक्कं होतं." मग येऊन सुकाणूच काढून नेलं. आता ते त्याच्या दुकानात भिंतीला टांगलंय, खाली बोर्ड: समुद्रातही न गळणारं.

तो तळ मी तासून काढला आणि फायबर लावलं. पाणी अजून येतं का? थोडं येतं. थोडं प्रत्येक होडीत येतं. (नाना इथे खोकले.) ते उपसायला मी त्याच्याच केमिकलचा डबा कापून घेतलाय, वर अजून दहा वर्षांची गॅरंटी छापलेली आहे. तो डबा हर्षदला द्यावा आणि त्याने तो सुकाणूच्या जागी टांगावा. बोर्ड उतरवावा. माझ्या दहाव्याला घाटावर त्याने सगळ्यांसमोर सांगावं की दोरी आणायला तो गेलाच नव्हता. तोवर कावळा पिंडाला शिवणार नाही. कोणी दर्भाचा कावळा करून उरकू नये. मी बघत असेन.

कलम ४. सध्याचं सुकाणू मंडळाच्या कॅरम बोर्डाचं आहे. मंडळाने माफ करावं. कोपऱ्याचं भोक धरायला छान पडतं. नाना म्हणतात, "भायर समुद्रात ही फळी मोडतली." दुसरं सुकाणू कुठे आहे ते कलम ३ मध्ये लिहिलंय, आणि त्या दुकानात जाऊन मी हात पसरणार नाही. ग्राइंडर आणि पाने नानांना. नाना नको म्हणाले, तरी त्यांनाच.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि नाना व त्यांच्या घरच्या द्रौपदीमावशी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी कलम २ ला हसल्या, बाकी "भरती थांबणार नाय, आटप" एवढंच म्हणाल्या. माझ्यासमोर नानांनी सही केली, मावशींनी अंगठा उठवला.

सही: सौरभ भा. धुरी
साक्षीदार: १. नाना (पूर्ण नाव सहीत आहे) २. द्रौपदीमावशी (अंगठा)
ठिकाण: मिठागराची शेड, भांडुप
दिनांक: १८ जानेवारी २०२६

ता. क. साखळी सुटली आणि हर्षद आलाय. आईने त्याला फोन केला होता. काखेत सुकाणू आहे. भिंतीवर टांगायला त्याला मधोमध भोक पाडलं होतं, ते बुजवलंय. कशाने, ते मी विचारलं नाही.

"कॅरम घेऊन मालवणला चाललायस? डोकं फिरलंय का रे?"

"बोर्ड उतरवलास?"

"नाही अजून."

"मग निघ."

निघाला नाही. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीत जाऊन बसला. म्हणे अलिबागपर्यंत तरी येतो. नाना विचारतात, दोघंही बुडालात तर कलम ३ चं काय करू? डबा मात्र मी जिवंतपणीच त्याच्या हातात दिलाय आणि तो उपसायला लागलाय. कावळ्याची अट कायम.