दर ठिपक्याला सडा

विश्रामबाग, सांगली. गुरुवार, संध्याकाळ.

चूक शोधली मी, आणि तोंडही मीच लपवतोय. बायको, सुमन, या वयात हौसेनं संगणकावर चित्रं काढायचे प्रोग्राम लिहायला शिकतेय. माउस दाबला की पडद्यावर ठिपका उमटावा, ठिपक्यांची रांगोळी व्हावी. उद्या क्लासात दाखवायचीय. पण ठिपका उमटतो आणि लगेच जातो.

"आवं, जरा बघा की. टिकतच न्हाई."

पडदा पांढरा करणारी ओळ तिनं पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात घातली होती. का, तर अंगणात आधी सडा, मग रांगोळी. विचार बरोबरच; पण यंत्र क्षणाक्षणाला नवा सडा टाकत होतं.

एवढंच सांगायचं होतं. पण शेजारच्या वहिनी बसलेल्या, म्हणजे मला श्रोता मिळालेला. "माणदेशची लेक!" म्हणालो, "जन्मात पाणी बघितलं नाही, आता दर ठिपक्याला सडा टाकतेय." आणि तिच्या हातातला माउस घेऊन ती ओळ मीच वर, एकदाच चालणाऱ्या भागात नेली. ठिपके टिकले. वहिनी हसल्या.

"माजं मला घावलं असतं की," सुमन म्हणाली. "लय घाई तुमास्नी." लॅपटॉप मिटून आत गेली.

पेपरातल्या विनोदी सदरात लोकांना टोचून पोट भरतो, ठीक आहे. घरात कशाला? आणि माउस का घेतला मी?

आत्ता ती ओळ परत होती तिथं ठेवलीय. ठिपके पुन्हा पुसले जातायत. उत्तर तिला ठाऊक झालंय, तरी ठिपके तिच्याच हातानं टिकू देत. अर्थात, सकाळी तिनं लॅपटॉप उघडला तर.