करड्या चित्रावरचा ठिपका

२० सप्टेंबर २०२५

नाही, मी बाबांना सांगणार नाहीये! तू कितीही कोरा राहून बघ माझ्याकडे. तुझं काय जातंय, तू कागद आहेस! काय सांगू — बाबा, तुमच्या लाडक्या अमेरिकन अ‍ॅबस्ट्रॅक्टवरचा तो लाल ठिपका पेंटरचा नाही, आईचा आहे?

फ्रिज, गाडी, माझा लॅपटॉप — घरात नवीन काही आलं की आई कुंकू लावायची. त्या चित्राचं खोकं उघडलं तेव्हाही लावलं, पाण्यात कालवून, खालच्या कोपऱ्यात. मला डोळा मारला. बाबा हॉस्पिटलला ड्युटीवर होते. तेव्हापासून आमच्या केलीव्हिलच्या घरातल्या हॉलमध्ये प्रत्येक पाहुण्याला बाबांचं लेक्चर — "एवढा सगळा करडा पसारा त्या एका ठिपक्यासाठी आहे!" आई किचनमध्ये टी-टॉवेल तोंडात कोंबून हसायची. शेजारच्या पॉप आर्टवाल्या भल्यामोठ्या आइसक्रीमच्या चित्रालाही तिने लावलंय. ते चेरीत खपून गेलं.

आता आई नाही. एक गॅलरी ते करडं चित्र प्रदर्शनाला मागतेय. शुक्रवारी त्यांची बाई तपासायला येणार. तिला कळणारच. मग ती पुसणार. आईचं बोट जाणार.

२३ सप्टेंबर

कुंकू उडतं ना? त्या भिंतीवर तर रोज पश्चिमेचं ऊन. आईला जाऊन वर्ष झालं. मग अजून इतकं लाल कसं? कथेत लिहिलं असतं तर मीच खोडलं असतं.

हात लावला नाही.

२६ सप्टेंबर

बाई आली. भिंग, टॉर्च. म्हणाली, हे ओरिजिनल नाही. कसलीतरी पावडर आहे, थरावर थर. वरचा तर अगदी ताजा. क्लीन करून देते, नो वरीज!

बाबा हसले. "पुसायचं नाही. चित्र कुठेही जाणार नाही."

ती गेल्यावर मला म्हणाले, "चित्रलेखाने लावलंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. किचनमधून तिचं हसू ऐकू यायचं, म्हणून तर लेक्चर द्यायचो." मग हळूच, "आता तू लावतेस ना? लावत जा."

मी हो म्हणाले.

मी कधीच लावलेलं नाही! मला वाटलं, तेच लावतात.

२ ऑक्टोबर

दसरा. बाबा कालपासून मेलबर्नला. आज अरव्होला, म्हणजे दुपारी, मी घरी आले, कुंकू कालवलं. निदान आजपासून तरी ते 'हो' खरं व्हावं.

बोट टेकवायच्या आधीच ठिपका ओला होता.

"आई?" म्हटलं. आणि उत्तर यायच्या आत दार ओढून बाहेर पडले.